मेंदू, मन आणि मजुरी

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील वेड्यांच्या इस्पितळांत एका विलक्षण रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने दाखल होत असत. वसंत ऋतू सुरू झाला, की हातांवरची आणि मानेवरची कातडी लाल होऊन सोलू लागे. पाठोपाठ जुलाब सुरू होत. माणूस उदास आणि चिडखोर होई, त्याची झोप उडे, पुढे त्याला भ्रम होऊ लागत आणि अखेरीस याला वेड लागले असे ठरवून घरची माणसे त्याला इस्पितळाच्या दारात आणून सोडत. त्यांपैकी पुष्कळसे रुग्ण तेथेच मरत. या रोगाचे नाव पेलाग्रा. नाव सर्वांना ठाऊक होते. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी त्याला जंतूंचा प्रताप म्हणे, कोणी रक्तातली खोट म्हणे, तर कोणी गरिबांच्या अस्वच्छ राहणीवर बोट ठेवून मोकळा होई.

१९१४ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने या रोगाचा तपास डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे सोपवला. इस्पितळांतून आणि अनाथालयांतून हिंडताना एक साधी गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. तेथील रुग्णांना आणि मुलांना पेलाग्रा होत असे. पण त्यांच्यातच अहोरात्र वावरणाऱ्या परिचारिकांना व सेवकांना तो होत नसे. संसर्गाने पसरणारा जंतू असा हुद्दा पाहून माणसे निवडीत नाही. दोघांत फरक होता तो ताटातल्या अन्नाचा. रुग्णांच्या वाट्याला मक्याचे पीठ, काकवी आणि खारवलेली डुकराची चरबी एवढेच येई. नोकरवर्गाला दूध, अंडी आणि मांस मिळत असे. गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीतील दोन अनाथालयांतील मुलांना आणि जॉर्जियातील मनोरुग्णालयाच्या काही रुग्णांना सकस आहार देण्याची व्यवस्था केली, तेव्हा तेथील पेलाग्रा जवळजवळ नाहीसा झाला. उलट, १९१५ मध्ये मिसिसिपीतील एका तुरुंगाच्या शेतावर शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झालेल्या निरोगी कैद्यांना त्यांनी मक्याच्याच आहारावर ठेवले, तेव्हा काही महिन्यांत त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना हा रोग जडला.

येथपर्यंतची कथा वैद्यकाच्या पुस्तकांतून सापडते. तिचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. गोल्डबर्गर यांच्या जोडीला एडगर सिडेनस्ट्रिकर नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ होते. १९१६ मध्ये या दोघांनी दक्षिण कॅरोलायनातील सात गिरणीगावांत घरोघर जाऊन कुटुंबाचे उत्पन्न, बाजारातून येणारे अन्न आणि घरातील आजार यांचा हिशेब मांडला. जसजसे उत्पन्न वाढत जाई, तसतसा पेलाग्रा कमी होत जाई, असे त्यातून स्पष्ट झाले. घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावणाऱ्या मुलखात भाजीच्या वाफ्याला आणि गाईच्या गोठ्याला जागा उरलेली नव्हती. १९२१ मध्ये कापसाचे भाव कोसळले, तेव्हा आता पेलाग्रा वाढेल असा इशारा गोल्डबर्गर यांनी दिला. आणि दक्षिणेतील पुढारी आपल्या प्रांताची बदनामी झाली म्हणून संतापले. शरीराला कोणते द्रव्य कमी पडते, हे त्यानंतर सोळा वर्षांनी, १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून उमगले. ते निकोटिनिक आम्ल, म्हणजे ‘ब’ गटातील एक जीवनसत्त्व होते. ते मिळाल्यावर कित्येक ‘वेडे’ शुद्धीवर आले.

हा रोग नेमका कोठे होता, असा प्रश्न विचारला तर काय उत्तर द्यावे? तो मेंदूत होता, कारण जीवनसत्त्वाअभावी मेंदूच्या पेशींचे काम बिघडत होते. तो पोटात होता, ताटात होता, मजुरीत होता आणि कापसाच्या बाजारभावातही होता. यांपैकी कोणतेही एक उत्तर खोटे नाही आणि कोणतेही एक पुरेसे नाही. मानसिक आरोग्यसेवेची नव्याने मांडणी करायला हवी असे आज सर्वत्र म्हटले जाते. त्या चर्चेत मात्र दोन तट पडलेले दिसतात. मनोविकार हे मेंदूचेच विकार आहेत, सबब संशोधन आणि औषधे यांवर भर द्यावा, असे एका तटाचे म्हणणे. माणसाला समाज आजारी करतो, सबब समाज सुधारावा, असे दुसऱ्याचे. पेलाग्राचा इतिहास ठाऊक असलेल्याला हे भांडण निरर्थक वाटल्यावाचून राहणार नाही. मेंदूला शरीराचा एक अवयव म्हणून खऱ्या अर्थाने गांभीर्याने घ्यायचे, तर त्याला लागणारे अन्न, झोप, काम, सोबत आणि सुरक्षितता या गोष्टी उपचाराच्या कक्षेत आपोआप येतात.

हा इतिहास केवळ परमुलखातला नाही. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांतील पेलाग्राकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. भाकरीला कोरड्यास नाही, दूध नाही, डाळ नाही अशा घरांतून हे रुग्ण येत, आणि त्यांच्यात उदासीनता हे लक्षण ठळकपणे दिसे. महाराष्ट्रातील वाचकाला ज्वारीवर जगणाऱ्या घराची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही.

मेंदूकडे पाहण्याचा लाभ

मनोविकाराकडे शरीराच्या अंगाने पाहिल्यामुळे माणुसकीचा केवढा लाभ झाला, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एके काळी युरोप-अमेरिकेतील इस्पितळांत ‘जनरल पॅरालिसिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेडाचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवून दिले आणि पुढे पेनिसिलिन हाती आल्यावर हे रुग्ण दिसेनासे झाले. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा उपयोग दाखवला. लिथियम हे आजही या विकारावरील एक प्रमुख औषध आहे. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिनचा मनोरुग्णांवर वापर सुरू झाला आणि साखळदंड, अंधाऱ्या कोठड्या यांच्याखेरीज दुसरा काही मार्ग असू शकतो यावर जगाचा विश्वास बसला. या इतिहासात भारताचाही वाटा आहे. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग वेडावर आणि रक्तदाबावर होतो असे लिहिले होते. त्याच मुळीतून पुढे रेसर्पिन हे औषध निघाले आणि १९५४ च्या सुमारास ते पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत पोहोचले.

दैनंदिन व्यवहारात या दृष्टीचा अर्थ याहूनही साधा आहे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तर माणूस सुस्त, उदास आणि विसराळू होतो. क्वचित त्याला भ्रमही होतात. डॉ. रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करून, वेड म्हणून गणल्या गेलेल्या या आजाराला थायरॉइडचा अर्क लागू पडतो हे दाखवले. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचा अभाव शाकाहारी भारतीयांत पुष्कळ आढळतो, आणि त्यामुळेही स्मृती व मनःस्थिती बिघडू शकते. म्हणजे रक्ताची एक तपासणी न झाल्यामुळे एखादी स्त्री वर्षानुवर्षे ‘आळशी’ किंवा ‘खुळी’ म्हणून घरात हिणवली जाणे शक्य आहे. तिला आधी देवऋषाकडे नेले जाते, मग उतारा केला जातो, मग माहेरी पाठवले जाते. तिच्या रक्तात काय कमी आहे, हे पाहण्याची पाळी सर्वांत शेवटी येते.

शिवाय, आजाराला शरीराचा आजार म्हटले की त्यातील दोषारोप कमी होतो. नोकरदार वर्गात आजही नैराश्याने खचलेला माणूस रजेच्या अर्जावर ताप किंवा पाठदुखी असे कारण लिहितो. वर्गात मागे पडलेल्या विद्यार्थ्याचे ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढेच निदान होते. पायाचे हाड मोडलेल्याला कोणी ‘मन घट्ट कर, म्हणजे चालता येईल’ असे सांगत नाही. मेंदूच्या आजाराला तो न्याय मिळू लागणे ही लहान सुधारणा नव्हे.

एकांगी दृष्टीचे धोके

तथापि या दृष्टीचा इतिहास निष्कलंक नाही. पोर्तुगालचे एगास मोनीझ यांनी मेंदूचा पुढचा भाग छेदून मनोविकार शमवण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली आणि १९४९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. त्या शस्त्रक्रियेने हजारो माणसे शांत झाली. परंतु त्यांच्यापैकी अनेकांचे व्यक्तिमत्त्वच हरपले. मेंदूचा विचार करताना मेंदू ज्याचा आहे त्या माणसाचा विसर पडला, की शास्त्र किती निर्दय होऊ शकते, याचे हे उदाहरण.

आजचा धोका एवढा भीषण नसला, तरी त्याच जातीचा आहे. नैराश्य म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याची कमतरता आणि गोळी म्हणजे त्या कमतरतेची भरपाई, असे सोपे समीकरण अनेक वर्षे लोकांना सांगितले गेले. संशोधनाने ते समीकरण अद्याप सिद्ध केलेले नाही. गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो, तीव्र आजारात तर त्यांवाचून चालत नाही. पण त्या का उपयोगी पडतात याचे उत्तर त्या समीकरणापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे आहे. शिवाय ‘मेंदूच बिघडला आहे’ असे ऐकले की रुग्णाला लोक दोष कमी देतात खरे, परंतु हा माणूस आता कधीच सुधारणार नाही, अशी निराशाही त्यांच्या मनात वाढते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मुलीच्या लग्नाच्या वेळी घरातील मनोरुग्ण दडवून ठेवणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट संशोधनाविनाही ठाऊक आहे.

या दोन्ही टोकांपासून दूर राहण्याचा मार्ग अमेरिकन वैद्य जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात सुचवला होता. आजाराचा विचार शरीर, मन आणि समाज या तिन्ही पातळ्यांवर एकाच वेळी झाला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वैद्यकीय महाविद्यालयांतून ते शिकवले जाते. परंतु बाह्यरुग्ण विभागात शेकड्याने रुग्ण रांगेत उभे असताना डॉक्टरला प्रत्येकासाठी चार-पाच मिनिटेच मिळतात, आणि चार-पाच मिनिटांत फार तर गोळी लिहून देता येते. घरची कथा ऐकता येत नाही. म्हणजे समग्र दृष्टीचा अभाव हा डॉक्टरांच्या विचारातील दोष असण्यापेक्षा व्यवस्थेच्या हिशेबातील दोष अधिक आहे. तेव्हा तो हिशेब तपासणे भाग आहे.

खाटांचा हिशेब

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे निमहान्सने, २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता आणि निरनिराळ्या विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून राहिलेले होते. ज्या बारा राज्यांत ही पाहणी झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. ज्यांच्यावर उपचार चालू होते, त्यांच्या कुटुंबांना औषधपाणी आणि प्रवास यांपायी दरमहा सुमारे हजार ते दीड हजार रुपये खर्च येत होता.

या खर्चात प्रवासाचा उल्लेख आहे, तो लक्षात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ती ब्रिटिश अमदानीत उभी राहिली आणि या चारपैकी एकही मराठवाड्यात नाही. मराठवाड्यातील एखाद्या शेतमजूर कुटुंबाची कल्पना करावी. घरातील तरुण मुलगा रात्र रात्र जागतो, एकटाच बडबडतो, आपल्या जेवणात कोणी विष कालवते असे म्हणतो. त्याला पुण्याला न्यायचे, तर एकट्याने नेता येत नाही. बाप आणि चुलता दोघे बरोबर जातात. जाण्या-येण्यात दोन-तीन दिवस मोडतात, तेवढे रोज बुडतात, एस.टी.चे भाडे द्यावे लागते, हातउसने काढावे लागते. औषध फुकट मिळाले तरी उपचार फुकट होत नाही. पुढच्या महिन्यात गोळ्या संपतात, तेव्हा पेरणीचे दिवस असतात. मुलगा आता बराच बरा आहे, असे पाहून फेरी टाळली जाते आणि दोन-तीन महिन्यांत आजार पुन्हा उसळतो. अशा कुटुंबाला शहरी लोक अडाणी म्हणतात. त्यांना आजाराचे गांभीर्य कळत नाही असे म्हणतात. वास्तविक ते कुटुंब आपल्या परीने अत्यंत काटेकोर हिशेब करीत असते. चूक असते ती औषध आणि माणूस यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरांचे अंतर ठेवणाऱ्या योजनेची.

आणि इतक्या लांब आणलेला माणूस बरा झाला तरी घरी परततोच असे नाही. मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे पडून असलेल्यांपैकी अनेक जण बरे झालेले आहेत. त्यांना न्यायला कोणी येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बऱ्या झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी योजना करण्यास सरकारांना सांगितले. २०२१ मध्ये तर त्याच न्यायालयाला, अशा माणसांची रवानगी भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत करू नका, असे महाराष्ट्र शासनाला बजावावे लागले. जेथे सरकारी व्यवस्थाही पोहोचत नाही, तेथे काय घडते हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. एका दर्ग्याच्या परिसरातील खासगी आश्रमाला पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले.

कागदावर मात्र वाटचाल बरीच झालेली आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या अनुभवावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला, समाजात राहण्याचा हक्क मान्य केला, साखळीने बांधून ठेवणे आणि भूल दिल्याविना विजेचे झटके देणे यांस बंदी केली. १४४१६ या क्रमांकाची ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. परंतु केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्यावरील तरतुदीचा मोठा भाग बंगळुरू आणि तेजपूर येथील दोन मोठ्या संस्थांकडे जातो. त्या संस्थांचे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या वाट्याला त्यातून फारसे काही उरत नाही. हक्क कायद्याने दिला, तरी त्याची बजावणी अंदाजपत्रकातूनच होत असते.

गोव्याचा आणि अमरावतीचा अनुभव

मग मनोविकारतज्ज्ञ थोडे आहेत, पैसा थोडा आहे, अंतरे मोठी आहेत, अशा परिस्थितीत काही करता येते काय? येते, असे सांगणारे दोन अनुभव मराठी माणसाच्या अगदी शेजारी आणि घरातही आहेत.

गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मानस’ नावाचा एक प्रयोग केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने निवडले गेले. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. डोकेदुखी, अशक्तपणा, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांमधून नैराश्याचे आणि चिंताविकाराचे रुग्ण त्या हुडकून काढीत, त्यांच्याशी बोलत, झोप, श्वसन, घरातील ताण यांविषयी सल्ला देत. केंद्राचा डॉक्टर जरूर तेथे औषध देई आणि मनोविकारतज्ज्ञ अधूनमधून येऊन अवघड रुग्ण पाही. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर सरकारी केंद्रांत या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी ६५.९ टक्के बरे झाले. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत हेच प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र दोन पद्धतींत असा फरक दिसला नाही. गरिबांची सरकारी सेवा सुधारली तर लाभ सर्वाधिक होतो, असा याचा एक अर्थ लावता येतो.

दुसरा अनुभव विदर्भातील आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या भागाचे नाव देशभर झाले, त्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवण्यात आला. गावातील कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी तीन पायऱ्यांची रचना त्यात होती. गावात बैठका होत, उदासीनतेची लक्षणे लोकांना समजावून सांगितली जात आणि ज्याला गरज असेल त्याला पुढच्या पायरीकडे नेले जाई. आरंभीच्या पाहणीत नैराश्याच्या रुग्णांपैकी ४.३ टक्के लोकच उपचारांपर्यंत पोहोचत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. अजूनही जवळजवळ तीन चतुर्थांश माणसे बाहेर राहिली, हे खरे. पण दीड वर्षात सहापट वाढ ही नव्या इस्पितळाच्या पायाभरणीपेक्षा नक्कीच मोठी गोष्ट आहे.

कुटुंबाला उपचाराचा भाग करण्याची कल्पनाही आपल्याच देशात जुनी आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. आजार म्हणजे काय, बरा होणारा माणूस कसा दिसतो, औषध का थांबवायचे नाही, हे नातेवाइकांनी तेथे राहून पाहिले. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले आणि गावातील इतरांना आजाराची माहिती देणारी माणसेही तयार झाली. हा प्रयोग स्वस्त होता. त्यात लागले ते तंबू, आणि कुटुंबावर विश्वास टाकण्याची तयारी.

मजुरीचा आणि मनाचा संबंध किती थेट असू शकतो, याचा पुरावा इंडोनेशियातून मिळतो. तेथे २००७ पासून गरीब कुटुंबांना रोख साहाय्य देण्याची योजना टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. ज्या भागांत ती पोहोचली, तेथे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रीय संशोधनाने दाखवले. त्या योजनेत मनोविकाराचा उल्लेखही नव्हता.

आक्षेप आणि उत्तर

या विचारावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. अल्पशिक्षित समुपदेशकांच्या हाती रुग्ण सोपवणे म्हणजे गरिबांना दुय्यम दर्जाची सेवा देणे नव्हे काय? श्रीमंतांना तज्ज्ञ आणि गरिबांना गावातील बाई, अशी ही विभागणी होणार नाही काय? आक्षेप रास्त आहे आणि तो डोळ्यांआड करू नये. छिन्नमनस्कता, उन्माद, आत्महत्येची तीव्र प्रवृत्ती असे आजार तज्ज्ञाकडेच गेले पाहिजेत. समुपदेशक हा तज्ज्ञाला पर्याय ठरला, तर योजना फसली असे समजावे. तो तज्ज्ञापर्यंतची वाट ठरला, तर ती सफल झाली. गोव्यातील प्रयोगात तज्ज्ञ होता, डॉक्टर होता, औषधही होते, हे विसरता कामा नये. ही साखळी मधेच तोडून केवळ स्वस्त कडी तेवढी उचलायची, ही सरकारी योजनांची जुनी खोड आहे.

दुसरी खोड मानधनाची. गावपातळीवरचे प्रत्येक नवे काम आशा कार्यकर्तीच्या खांद्यावर टाकायचे आणि त्याबद्दल तुटपुंजा मोबदला द्यायचा, असे घडत आले आहे. रोज इतरांचे दुःख ऐकण्याचे काम हे सर्वांत थकवणारे काम आहे. ते करणाऱ्याला नियमित वेतन, नियमित मार्गदर्शन आणि विसावा मिळाला नाही, तर दोन वर्षांत त्या कामाचे रजिस्टर तेवढे शिल्लक राहील.

करता येण्याजोगे

तेव्हा ‘समग्र दृष्टी’ हा शब्द भाषणांतून अंदाजपत्रकात आणायचा असेल, तर काही गोष्टी ठोसपणे कराव्या लागतील. मानसिक तक्रार घेऊन ग्रामीण रुग्णालयात आलेल्या प्रत्येकाची थायरॉइड, ब-१२, साखर आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. मनोविकारावरील नेहमीची औषधे तालुक्याच्या गावी बारा महिने मिळावीत. लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तातील प्रमाण वेळोवेळी मोजावे लागते, त्याची सोय निदान जिल्हा रुग्णालयात असावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक असावा आणि त्याच्यामागे तज्ज्ञाचा नियमित फेरा असावा. रुग्णाला आणि सोबत्याला प्रवासभाडे व बुडालेला रोज मिळावा, कारण उपचार सुटतात ते बहुधा याच कारणाने. २०१६ च्या कायद्यानुसार दीर्घकालीन मनोविकार हे अपंगत्व मानले गेले आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळवताना कुटुंबाची दमछाक होऊ नये. आणि बऱ्या झालेल्या माणसांसाठी भिंतीबाहेरची घरे आणि झेपेल असे काम उभे करावे. कारण कामावर परतणे हाही उपचाराचाच भाग आहे.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागण्याची वाट पाहण्याची गरज नाही. मेंदूविषयीचे संशोधन पुढे जात राहील आणि गेलेच पाहिजे. एके दिवशी छिन्नमनस्कतेचेही मूळ निकोटिनिक आम्लाइतकेच स्पष्टपणे सापडेल, अशी आशा बाळगायला हरकत नाही. परंतु गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले, तेव्हा ते जीवनसत्त्व अजून सापडायचे होते. त्याच्या रासायनिक नावाखेरीज बाकी सारे त्यांना ठाऊक होते. दूध, डाळ आणि मांस दिले, की हा रोग बरा होतो आणि मजुरी वाढली, की तो होत नाही, हे ते पंधरा वर्षे सांगत राहिले. त्या काळात हजारो माणसे वेडी ठरून मेली, कारण त्यांचे म्हणणे ज्यांनी ऐकायला हवे होते त्यांना ते गैरसोयीचे होते. महाराष्ट्रापाशीही आज पुरेसे ज्ञान आहे. मराठवाड्यातील त्या शेतमजुराच्या मुलाला लागणारी गोळी केव्हाच तयार झाली आहे. ती त्याच्या तालुक्याच्या गावी, पेरणीच्या दिवसांतही मिळेल अशी व्यवस्था मात्र अजून व्हायची आहे.